मिसूरीत शिकारीसाठी ८० एकर घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कला राहणारे दोन मराठी मित्र मिळून उत्तर मिसूरीत, लिन काउंटीत, ८० एकर जमीन घेऊ पाहताहेत. एक अमेरिकेचा नागरिक, दुसरा एच-१बी व्हिसावर. जमीन उत्तर-दक्षिण अर्धा मैल लांब आणि पाव मैल रुंद. उत्तरेला खडीचा काउंटी रोड, पूर्वेच्या कडेने ओढा, मधे ओक आणि हिकरीचं रान, दक्षिणेला मका-सोयाबीनचं सखल शेत, आणि त्या शेतातच बांध घालून केलेलं १० एकरांचं बदकांचं तळं. विकणाऱ्याने रानात लावलेल्या ट्रेल कॅमेऱ्यावरचे मोठ्या शिंगांच्या हरणांच्या नरांचे फोटो आणि मॅलार्ड बदकांचा थवा तळ्यावर उतरतानाचा एक व्हिडिओ पाठवलाय. "काका, घ्यावी का?"

घेण्यासारखी असू शकते. पण तुम्ही जे कागद पाठवलेत त्यांत, ज्या दोन गोष्टींवर सगळं ठरतं, त्याच नाहीत. माणसाने आत कुठून शिरायचं? आणि तळ्यात पाणी येतं कुठून नि जातं कुठे? हरणांचे फोटो उत्तर मिसूरीत जवळजवळ प्रत्येक जमिनीवर मिळतात. इथल्या मोजणीचा एक चौरस मैलाचा तुकडा, म्हणजे सेक्शन, ६४० एकरांचा असतो. इथल्या व्हाइटटेल हरणाच्या नराचा फिरण्याचा पट्टा त्याच्या आसपासचा असतो, आणि नोव्हेंबरात माज आला की तो त्याहून लांब जातो. म्हणजे फोटोतला नर तुमच्या ८० एकरांचा नाही, तो तुमच्या ८० एकरांतून जातो. तुम्ही त्याची जाण्याची वाट विकत घेताय आणि ती न मोडता तिच्या जवळ पोचण्याची सोय विकत घेताय.

मी मूळचा निफाड तालुक्यातला. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचं पाणी उतरलं की मोकळी होणारी गाळपेर जमीन आणि हिवाळ्यात तिथे उतरणारी बदकं बघत वाढलो. अमेरिकेत आल्यावर आधी माती तपासणीचं काम केलं आणि गेली २२ वर्षं ग्रामीण जमिनींचे व्यवहार करतो, बहुतेक ग्रँड नदीच्या खोऱ्यात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, हेच डोक्यात बसलेलं असतं. म्हणून घरचे विचारतात, हे बरोबर आहे का? त्यांना मी इथला इतिहास सांगतो. १९२५ साली मिसूरीत अंदाजे ३९५ हरणं उरली होती. १९३६मध्ये लोकांनी मतदान करून राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि वन्यजीवांचा कारभार स्वतंत्र आयोगाकडे दिला. १९३८ ते १९४३ हरणांची शिकार पूर्ण बंद होती, १९४४मध्ये मोजक्या काउंट्यांत पुन्हा सुरू झाली. १९३७च्या केंद्रीय कायद्याने बंदुका नि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला जातो. आज तिथे इतकी हरणं आहेत की दरवर्षी काही मारलीच पाहिजेत. हे समजून घेऊन जमीन घेणारा माणूस ती नीट सांभाळतो, असा माझा अनुभव आहे.

आता वाट. तुमच्या नकाशात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की रस्ता उत्तरेला आहे. नोव्हेंबरात थंडीची लाट आली की वारा वायव्येकडून वाहतो, आणि नर दिवसाउजेडी फिरतात ते त्याच दिवसांत. तुम्ही रस्त्यावर गाडी लावून सरळ दक्षिणेला चालायला लागलात तर तुमचा वास तुमच्या पुढे, पूर्ण रानभर पसरत जातो. स्टँडवर, म्हणजे झाडावरच्या मचाणावर, चढण्याआधीच माद्या उठून गेलेल्या असतात, आणि माद्या गेल्या की त्यांच्या मागचे नरही गेले. हीच जमीन रस्त्याच्या उत्तरेला असती तर मी तुम्हाला जास्त पैसे द्या म्हटलं असतं.

पण तुमच्याकडे पूर्वेचा ओढा आहे. वायव्येचा वारा असताना पूर्वेची कड वाऱ्याच्या खालच्या अंगाला येते, तुमचा वास शेजाऱ्याच्या शेतावर जातो. नकाशात ईशान्येच्या कोपऱ्यात रस्त्याखाली एक छोटा पूल दिसतोय. त्या पुलाशी उतरून ओढ्याच्या पात्रातून दक्षिणेला चालत जाता आलं तर या जमिनीचा दोष जवळजवळ संपतो. पात्र खोल असेल तर तुम्ही हरणांच्या नजरेलाही पडत नाही. मात्र उत्तर मिसूरीतले बरेच ओढे गेल्या शतकात सरळ खोदले गेले, त्यामुळे काठ कापल्यासारखे उभे आणि तळाला गुडघाभर गाळ. तेव्हा स्वतः चालून बघा. पहाटेच्या अंधारात, पाठीवर पिशवी घेऊन, लांब बूट घालून. अर्ध्या तासात रानाच्या मध्यापर्यंत पोचलात आणि दोन ठिकाणी तरी काठावर चढता आलं तर वाट आहे असं समजा. आणखी एक बघा: डीडमध्ये, म्हणजे मालकीच्या नोंदवलेल्या कागदात, हद्द ओढ्याच्या मध्यावर आहे की सेक्शनच्या सरळ रेषेवर? सरळ रेषेवर असेल तर ओढा वळणं घेत कुठे तुमच्यात, कुठे शेजाऱ्याच्यात असणार, आणि मग ती वाट तुमची एकट्याची नाही.

रानात हरणं कुठे बसतात ते पानं गळल्यावर स्पष्ट दिसतं. फेब्रुवारी-मार्च हा जमीन बघायचा खरा काळ, लोक ऑक्टोबरातले रंग बघून भुलतात. हिवाळ्यात दक्षिणेकडे उतार असलेल्या टेकाडावर पाचोळ्यात लांबट बसके खळगे दिसतील, त्यात राखाडी केस चिकटलेले असतील. मनगटापेक्षा जाड झाडाची साल घासलेली असेल तर मोठा नर तिथून जातो. व्हाइट ओकचे अकॉर्न (ओकची फळं) एका हंगामात पिकतात आणि हरणं ते आधी खातात, रेड ओकच्यांना दोन हंगाम लागतात आणि ते कडवट. म्हणून व्हाइट ओक मोजा. आणि आधीच्या मालकाने लाकूड विकलंय का, ते बुंधे बघून ओळखा. चांगले व्हाइट ओक कापून नेलेलं रान जाहिरातीत 'दाट झाडी' म्हणूनच दाखवतात.

आता पाणी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझी स्वतःची पहिली चूक इथेच झाली. २००६ साली मी माझ्यासाठी ६० एकर घेतली. तिच्यात १२ एकरांचं सुंदर तळं होतं. बांध पक्का, पाण्याची पातळी कमीजास्त करायला फळ्यांची लोखंडी पेटी बसवलेली. उन्हाळ्यात पाणी सोडायची वेळ आली तेव्हा कळलं की पेटीतून निघणाऱ्या पाईपाचं दुसरं तोंड शेजाऱ्याच्या हद्दीत १५ फूट आत आहे. आधीच्या मालकाचं आणि शेजाऱ्याचं तोंडी ठरलेलं होतं. माझ्या वेळी शेजारी बदलला होता आणि नव्या माणसाला त्याच्या सोयाबीनमध्ये माझं पाणी नको होतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. दोन वर्षं ते तळं मला रिकामं करता आलं नाही. न सोडलेलं पाणी सडतं, तिथे बदकांच्या खाण्याचं काही उगवत नाही, नुसता पाणकणीस माजतो. शेवटी नवा पाईप घालायला जो खर्च आला तो मी खरेदीच्या वेळी किमतीतून कापून घ्यायला हवा होता.

म्हणून पेटीपाशी जा. झाकण उघडा. आत खाचांत बसवलेल्या फळ्या असतात, एकेक फळी काढली की पाणी तेवढं उतरतं. फळ्या कुजल्यात का, खाचा गंजल्यात का, पेटीच्या बाजूने बांधात माती धुपून पोकळी झाली आहे का ते बघा. मस्करॅट नावाचे उंदरासारखे प्राणी बांध पोखरतात, त्यांची बिळं पाण्याच्या पातळीजवळ असतात. मग पाईपाचं खालचं तोंड शोधा आणि ते कोणाच्या हद्दीत आहे ते मोजणीवाल्याकडून खुणा करून घ्या. आपल्याकडे पाटाच्या पाण्यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं चालतात ती अशाच तोंडी वहिवाटीवरून. इथे फरक इतकाच की नोंदवलेली ईझमेंट (दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी किंवा वाट नेण्याचा लेखी हक्क) नसेल तर तुमच्या बाजूने बोलायला गावकरी येणार नाहीत.

पाणी येतं कुठून? पावसावर भरणारं तळं ऑक्टोबर कोरडा गेला की रिकामं राहतं, आणि उत्तर मिसूरीत बदकांचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरात. त्यामुळे पंप लागतो. हिशोब करा. एक एकरावर एक फूट पाणी म्हणजे ३,२५,८५१ गॅलन. दहा एकरांवर सरासरी एक फूट म्हणजे साडेबत्तीस लाख गॅलन. मिनिटाला १००० गॅलन फेकणारा पंप सलग चालवला तर ५४ तास, झिरपणं आणि बाष्पीभवन वेगळं. ओढा ऑक्टोबरात इतकं पाणी देतो का? नसेल तर विहीर आहे का, किती खोल, कोणत्या वर्षी तपासली? डिझेल कोण भरणार, रात्री उठून पंप कोण बघणार? विकणाऱ्याला एवढंच विचारा: गेल्या पाच वर्षांत तळं कोणत्या तारखेला भरलं होतं? नीट सांभाळणारा माणूस तारखा सांगतो.

आणि दहा एकर म्हणजे दहा एकर बदकांसाठी उपयोगी असं नाही. मॅलार्ड डोकं खाली, शेपटी वर करून चरतं, बुडी मारत नाही. चार ते दहा इंच पाणी त्याला आवडतं, दीड फुटाच्या पुढे त्याला तळ सापडत नाही. शेताला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार फुटांचा उतार असेल आणि बांध एकच असेल तर खाली चार फूट पाणी आणि वर कोरडी जमीन. मिसूरीचे लायडारचे (विमानातून लेझरने मोजलेले) उंचीचे नकाशे फुकट मिळतात, ते लावून तळ्याचा उतार काढा. फुटाफुटाच्या उताराला एक बांध असेल तर सबंध शेत कामाला येतं.

माती हाताने बघा. वेब सॉइल सर्व्हे या मातीच्या सरकारी संकेतस्थळावर त्या सखल भागात वाबाश नावाची चिकण माती दिसली तर आनंद माना. तिला इथले शेतकरी गंबो म्हणतात. आपल्या रेगडीसारखी काळी, ओली असताना बुटाला शेर-शेर चिकटणारी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. मूठभर ओली माती अंगठा आणि तर्जनीच्या मधून पुढे सरकवत पट्टी काढा. दोन इंचांची पट्टी न तुटता लोंबली तर पाणी धरणारी चिकण आहे. इंचभरही निघत नसेल तर ती पोयट्याची, मक्याला उत्तम आणि तळ्याला गळकी.

उन्हाळ्यात पाणी हळूहळू उतरवलं की उघड्या पडलेल्या गाळात स्मार्टवीड, बार्नयार्ड गवत, बिडेन्स अशी रानटी बियाणी आपोआप उगवतात. ही गाळपेरच आहे, फक्त पेरायला माणूस लागत नाही. बदकं मक्याइतक्याच आवडीने ही बी खातात, आणि मक्यात न मिळणारे किडे-अळ्याही त्यांना इथेच मिळतात. नवखे लोक मक्यावर पैसे घालवतात. मी तुम्हाला निम्म्या तळ्यात तरी गाळपेर ठेवा असं सांगेन.

मक्याचा विषय निघालाच आहे तर कायदा नीट समजून घ्या, कारण इथे चांगली माणसं अडकतात. १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली उभ्या, न कापलेल्या मक्यात पाणी सोडून बदकांची शिकार चालते. तोच मका शिकारीसाठी आडवा पाडला, त्यावर गवत कापायचं यंत्र फिरवलं, की ती जागा आमिषाची झाली. सगळे दाणे काढून टाकल्यावरही दहा दिवस तिथे बंदूक चालवता येत नाही. पेरलेल्या जपानी मिलेटलाही त्या वर्षी पिकाचाच नियम लागू, ते पुढच्या वर्षी आपोआप उगवलं तरच रानटी झाडोरा धरतात आणि मग कापलं तरी चालतं. हरणांसाठीसुद्धा मिसूरीत दाणे टाकून शिकार करता येत नाही. जमीन घेतल्यावर पहिल्याच हंगामात आधीच्या मालकाने कुठे मक्याची पोती ओतली होती का ते विचारून घ्या. तुम्ही ओतली नाहीत हे उत्तर पुरत नाही.

तुमच्या जमिनीत आणखी एक अडचण नकाशावरूनच दिसते. तळं दक्षिणेला, रस्ता उत्तरेला, मधे हरणांचं रान. पहाटे पाचला डिकॉयच्या (नकली बदकांच्या) पिशव्या घेऊन तळ्यावर जायचं तर रान ओलांडूनच जावं लागणार, आणि बदकांचा हंगाम नेमका हरणांच्या माजावर येतो. दोन्ही प्रकारची शिकार एकाच ८० एकरांत करणारे लोक बहुधा दोन्ही अर्धवट करतात. तुम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. नोव्हेंबरच्या मधल्या दहा-बारा दिवसांत तळ्याला हात लावायचा नाही, किंवा दक्षिणेच्या शेजाऱ्याकडून शेताच्या कडेने जायची लेखी परवानगी, जमल्यास नोंदवलेली ईझमेंट, मिळवायची. ती मिळत असेल तर ती खरेदीच्या आधी मिळवा. आणि तळ्यावर रोज गोळीबार करू नका. आठवड्यातून दोन सकाळी, दहा वाजता बंद, दुपार बदकांची. मी बघितलेली जी तळी वर्षानुवर्षं भरलेली राहतात त्यांचे मालक हाच नियम पाळतात.

विकणारा तुम्हाला सांगेल की हा भाग पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि ते खरं आहे. स्वान लेकचं राष्ट्रीय अभयारण्य १९३७ पासून आहे, फाउंटन ग्रोव्ह, यलो क्रीक, पर्शिंग स्टेट पार्क या पाणथळ जागा एकमेकींच्या जवळपास आहेत. समनर गावात कॅनडा गूजचा ४० फुटी पुतळा उभा आहे. पण त्याच पुतळ्यापाशी मी ग्राहकांना नेतो आणि सांगतो की ज्या गूजमुळे हे गाव नावारूपाला आलं, त्यांचे मोठे थवे पुढे उत्तरेतच हिवाळा काढायला लागले. वाटेत खायला आणि न गोठणारं पाणी मिळालं की पक्षी दक्षिणेला येत नाहीत. गावाच्या जुन्या नावाला किमतीत जागा देऊ नका. तुमचं तळं अभयारण्यापासून किती मैलांवर आहे आणि पक्षी तिथून चरायला कोणत्या दिशेने उडतात, ते डिसेंबरात दोन संध्याकाळी रस्त्यावर उभं राहून बघा.

पुराचं एक बघायचं राहिलं. सखल भागातल्या सिल्व्हर मेपल आणि हॅकबेरीच्या बुंध्यांवर गाळाची तपकिरी रेघ असते. विकणारा म्हणेल पाणी क्वचित येतं, रेघ तुमच्या छातीपर्यंत असेल. ग्रँड नदीचं आणि लोकस्ट क्रीकचं पाणी १९९३ आणि २०१९ साली काय करून गेलं ते इथला कोणताही शेतकरी सांगेल, आणि लोकस्ट क्रीकमध्ये वाहून आलेल्या लाकडांचे तुंबे होऊन पाणी भलत्याच दिशेला वळतं. पूर बदकांना वाईट नसतो, पण तुमचा बांध, पंप आणि केबिन कुठे आहे यावर खर्च ठरतो. केबिन पूररेषेत असेल तर बँक विमा मागणार.

कागदांवर येऊ. सातबारा इथे नाही. काउंटीच्या रेकॉर्डरकडे डीड असतात आणि टायटल कंपनी जुनी साखळी तपासून विमा देते. तो विमा घ्याच, पण त्यातले अपवाद वाचा, कारण ईझमेंट आणि खनिजांचे हक्क तिथेच लपलेले असतात. केंद्राच्या शेती खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीकडून (एफएसए) विकणाऱ्यामार्फत एफएसए-१५६ईझेड नावाचा कागद मागवा. त्यात शेतीचे एकर आणि पाणथळ जमिनीचे शेरे दिसतात. तळ्याच्या कडेला आणखी बांध घालायचा, झाडं काढायचा विचार असेल तर थांबा. १९८५च्या कायद्याने पाणथळ जमीन कोरडी करून पीक घेतलं की सरकारी शेती योजनांचा लाभ जातो, आणि पाण्याच्या हद्दीत माती टाकायला आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची परवानगी लागू शकते.

जमीन आजूबाजूच्यापेक्षा बरीच स्वस्त असेल तर ती सरकारी वेटलँड ईझमेंटखाली, म्हणजे जमीन पाणथळच ठेवण्याच्या बंधनाखाली, आहे का विचारा. पूर्वी तिला डब्ल्यूआरपी म्हणत, २०१४ पासून डब्ल्यूआरई. ती बहुधा कायमची असते. मालकी तुमची, शिकार करता येते, लोकांना आत येऊ द्यायची सक्ती नाही, पण तिथे घर नाही, मका नाही, बांधाला हात लावायचा तर आधी परवानगी. फक्त बदकांसाठी जमीन हवी असेल तर मी हीच जमीन घ्या म्हणतो, कारण तिचं पाणथळपण कोणी काढून घेऊ शकत नाही. तुम्हाला केबिन आणि मका हवा असेल तर ती तुमची नाही. सीआरपीचा (जमीन पिकाविना राखायला सरकार पैसे देतं त्या योजनेचा) करार असेल तर तो तुमच्या नावावर मुदतीत करून घ्यावा लागतो, नाहीतर आधी दिलेले पैसे व्याजासकट परत मागितले जातात, ते कोण भरणार हे खरेदीखतात लिहा.

शेत कसणारा खंडकरी आहे असं तुम्ही लिहिलंय, करार तोंडी. मिसूरीत तोंडी वार्षिक खंड संपवायला खंडाचं वर्ष संपण्याच्या ६० दिवस आधी लेखी नोटीस लागते. म्हणजे ताबा मिळाल्यावरही पहिला हंगाम मका कापायचा की उभा ठेवायचा हे तुमच्या हातात नसू शकतं. मला विचाराल तर त्याला काढू नका. त्याला भेटा, तळ्यापाशी चार-पाच एकर मका उभा ठेवायचे पैसे द्या. तुम्ही दोन तासांवर राहणार, फाटक उघडं आहे हे तुम्हाला फोन करून तोच सांगणार.

आता तुमच्या दोघांच्या बाबतीतलं. एच-१बीवाल्या मित्राने हे नीट वाचावं. १९७८च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाने शेतजमिनीत हिस्सा घेतला की ९० दिवसांत फार्म सर्व्हिस एजन्सीकडे एफएसए-१५३ हा फॉर्म भरायचा असतो. न भरल्यास त्या हिश्शाच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. फॉर्म साधा आहे, पण टायटल कंपनी आठवण करून देईल असं धरू नका. शिवाय परदेशी मालकीच्या शेतजमिनीवर मिसूरीचा स्वतःचा निर्बंध आहे आणि त्यात परदेशी कोणाला म्हणायचं ही व्याख्या केंद्राच्या व्याख्येसारखी नाही, म्हणून वकिलाचं मत लेखी घ्या. बंदुकीचंही तसंच. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. शिकारीचं चालू परमिट असेल तर त्यातून सूट मिळते. परमिट संपलं आणि बंदूक कपाटात राहिली तर तो गंभीर गुन्हा आहे, त्याचा परिणाम व्हिसावरही होईल. पहिली दोन वर्षं त्याने धनुष्य वापरावं असं मी मनापासून सांगतो. आणि पैसे घेऊन दुसऱ्यांना शिकारीला न्यायचा विचार असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्यात पडू नका.

तुम्ही दोघं कॅन्ससचे रहिवासी. मिसूरीच्या रहिवाशाला सलग २० एकर असले की स्वतःच्या जमिनीवर हरणांचं परमिट मोफत मिळतं. बाहेरच्या राज्यातल्या मालकाला सवलतीचं परमिट मिळायला सलग ७५ एकर लागतात. तुमची ८० आहे. म्हणजे पुढेमागे ४०-४० वाटून घ्यायची ठरलं तर दोघांचीही सवलत जाते, आणि मोजणीत जमीन ७४ भरली तरी जाते. नावं डीडवर कशी लावायची, कंपनी काढायची की नाही, हे सह्या करण्याआधी राज्याच्या कॉन्झर्व्हेशन विभागाला विचारा. बदकांसाठी २५ डॉलरचा फेडरल डक स्टँप लागतो आणि शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद आहेत.

शेजाऱ्यांना भेटल्याशिवाय ऑफर देऊ नका. चारही बाजूंचे शेजारी लहान नर सोडून देतात की दिसेल ते पाडतात, यावर तुमच्या ८० एकरांचं भवितव्य ठरतं, हरणांसाठी पेरलेल्या तुमच्या फूड प्लॉटवर नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणं खंगून मरण्याच्या रोगाबद्दलही बोला. मिसूरीत तो आधी २०१० साली याच लिन काउंटीत बंदिस्त हरणांत सापडला, आणि २०१२मध्ये शेजारच्या मेकन काउंटीत मोकळ्या हरणांत. रोगाचं कारण असलेली प्रायॉन नावाची बिघडलेली प्रथिनं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मारलेल्या प्रत्येक हरणाची चाचणी करून घ्या, निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवा. हद्दीवर झाडांना जांभळ्या रंगाचे पट्टे मारा. मिसूरीत १९९३ पासून हा पट्टा म्हणजे कायद्याने प्रवेशबंदीची पाटी आहे, जमिनीपासून ३ ते ५ फूट उंचीवर आणि दोन खुणांत १०० फुटांपेक्षा जास्त अंतर नको.

पैशांचं थोडक्यात: घराच्या कर्जासारखं हे कर्ज नसतं. फार्म क्रेडिटच्या संस्था किंवा काउंटीतली बँक विचारा, २० ते ३० टक्के रक्कम हाताशी ठेवा, आणि पंप, बांध, रस्ता यांसाठी वेगळी बाजूला काढा.

ऑफर देताना ४५ दिवसांची तपासणीची मुदत मागा आणि चार अटी घाला: नोंदणीकृत मोजणी, पाईपाच्या तोंडाबद्दल आणि येण्याच्या वाटेबद्दल नोंदवलेली ईझमेंट, एफएसएचे कागद, आणि फळ्या काढून तळं एकदा तुमच्यासमोर उतरवून दाखवणं. चौथ्या अटीला विकणारा कुरकुर करेल. त्याला म्हणा, तीन फळ्याच काढा, आम्ही पाईपाच्या खालच्या तोंडाशी उभे राहतो. पाणी किती जोरात बाहेर पडतंय आणि पुढे कोणाच्या शेतात जातंय, त्याचा व्हिडिओ मला पाठवा. किमतीबद्दल त्यानंतर बोलू.